व्हॅलेटाची फरशी आणि आमचा रिकामा चौकोन

अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या घराच्या गराजमध्ये एक पांढरी संगमरवरी फरशी तेरा महिने भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर आईचं नाव आहे. आधी ‘कै.’ आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. अप्पांनी तिच्यावर एक जुनी चादर टाकली होती. गाडी आत घेताना माझी नजर दर वेळी त्या चादरीवर जायची.

मार्चमध्ये अप्पा आणि मी पाच दिवस व्हॅलेटाला जाऊन आलो. भूमध्य समुद्रातल्या माल्टा नावाच्या छोट्या बेटावरचं हे जुनं शहर. मावशी म्हणाली, मराठी मंडळाच्या अंकात लिही. मी म्हटलं, मावशी, मला कुठे लिहिता येतं. ती म्हणाली, “जे बघितलंस ते लिही. कॉलेजात काय नुसती पार्किंग शोधायला जातेस?” म्हणून लिहिते आहे. पण जे बघितलं ते सांगायचं तर गराजमधल्या फरशीपासूनच सुरुवात करावी लागेल.

अप्पा फरशी बसवतात. आधी बार्शीत बसवायचे, आता इथे. मावशीने आम्हाला अमेरिकेत आणण्यासाठी अर्ज केला होता, त्याचा नंबर लागला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या बाथरूमची टाइल अप्पांच्या हातची असेल. काहींनी आईच्या हातच्या टिफिनच्या पोळ्याही खाल्ल्या असतील. दोघंही दहावीच्या पुढे शिकले नाहीत. घरात कॉलेजची पायरी मीच पहिल्यांदा चढले, आणि अजूनही तिथे काही विचारायचं तर हात अर्धाच वर जातो.

आई दर शनिवारी इथल्या मंदिराच्या स्वयंपाकघरात महाप्रसादाच्या पोळ्या लाटायला जायची. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. चार दिवस हॉस्पिटलात होती. मग गेली.

तेव्हा अप्पा मंदिराच्या हॉलची फरशी सेवा म्हणून नव्याने बसवत होते. आपल्याकडच्या देवळांत असतात तशा देणगीदारांच्या नावाच्या फरश्या त्यात होत्या. अप्पांचा त्याबाबतीत एक नियम होता. नावाची फरशी भिंतीकडेच्या ओळीत बसवायची, चालायच्या वाटेत नाही. चारी भिंतींच्या कडा त्यांनी दुसऱ्यांच्या आईवडिलांच्या नावांनी भरल्या. कमिटीने आपणहून आईच्या नावाची फरशी करून दिली, तेव्हा एकच चौकोन शिल्लक होता. स्वयंपाकघराच्या दारासमोरचा. ताट घेतलेला प्रत्येक माणूस तिथूनच जातो.

अप्पांनी त्या चौकोनावर प्लायवूड टाकलं.

“रामभाऊ, भिंतीवर उभी लावू या का?” कमिटीतल्या काकांनी विचारलं.

“फरशी हाय ती. फरशी खालीच असती.”

“मग खाली लावा.”

“लावतो की.”

असे तेरा महिने गेले.

मला एका सेमिस्टरला जुन्या इमारतींच्या इतिहासाचा कोर्स घ्यावा लागला होता. त्यात एक दिवस व्हॅलेटाच्या मोठ्या चर्चची स्लाइड आली. जमीन पूर्ण रंगीत संगमरवराची, चित्रांनी भरलेली. मी तो फोटो घरी अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि लॅपटॉपमध्ये नाक घातलं.

“ही माणसानं केलीया?”

“हो. रंगीत दगड कापून दगडातच बसवलेत.”

बराच वेळ ते सांधे बघत राहिले. मग, ज्या माणसाने आयुष्यात मला कधी पाण्याचा तांब्याही मागितला नाही, तो म्हणाला, “हे बघायला मिळंल का गं?”

तिकिटं मी त्याच आठवड्यात काढली. स्प्रिंग ब्रेक होता. मात्र एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. का नाही सांगितली ते पुढे येईलच.

पहिला दिवस

विमानातून उतरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो रंग. सगळं शहर एकाच पिवळसर दगडाचं आहे. घरं, किल्ले, पायऱ्या, बाकडीसुद्धा. भाकरीच्या पिठात चिमूटभर हळद पडावी तसा तो रंग. त्यावर लाकडी बंद बाल्कन्या, हिरव्या, लाल, निळ्या. रस्ते एकदम समुद्राकडे उतरतात आणि उतार फारच झाला की रस्त्याच्याच पायऱ्या होतात. अप्पांचे गुडघे कामाने गेलेले आहेत. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते आणि प्रत्येक पायरीचा दगड बघत होते. “मऊ दगड हाय. पाण्यानं खातो. पण सोभतो.”

आम्ही एका जुन्या घरातली वरची खोली घेतली होती. दार उघडलं आणि अप्पा उंबऱ्यातच थांबले. खाली सिमेंटच्या रंगीत फरश्या होत्या, लाल आणि राखाडी, मध्ये आठ पाकळ्यांचं फूल.

“वैशू, ही तर आपल्या बार्शीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली!”

खरंच तशीच होती. मी लहान असताना इंजेक्शनला घाबरून त्याच पाकळ्या मोजत बसायची. बॅग बाजूला टाकून अप्पा गुडघ्यावर बसले आणि बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवायला लागले. हे ते कुणाच्याही घरी करतात. मला पूर्वी लाज वाटायची. पलंगाजवळच्या एका फरशीचा आवाज वेगळा आला.

“ही पोकळ वाजती. खाली सिमेंटचा माल न्हाई. वर्षभरात उचलंल.”

“अप्पा, आपण पाच दिवसांसाठी आलोय.”

“म्हून काय झालं? सांगून ठेव मालकाला.”

मी मालकाला तसा मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला.

दुपारी बाराला आम्ही वरच्या बागेत होतो. खाली बंदर, पलीकडे तसंच पिवळं दुसरं गाव. एवढ्यात तोफ उडाली. तिथे रोज दुपारी उडवतात, पण आम्हाला कुठे माहीत. अप्पांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशीही तो हुळहुळत होता. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. “याड लागलंय का ह्यांना,” म्हणत अप्पा हसले. ते हसलेले मी किती महिन्यांनी बघितलं ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर खाऱ्या करंज्या मिळतात. त्यांना पस्तिझी म्हणतात. आत वाटाण्याचं सारण असतं. पापुद्रे इतके सुटतात की शर्ट पांढरा होतो. सोबत काचेच्या ग्लासात दूधसाखरेचा चहा, बस स्टँडवरच्या चहासारखा दाट. अमेरिकेत इतकी वर्षं कागदी कपातलं पाणी पिऊन अप्पा कंटाळले होते. त्यांनी दोन ग्लास घेतले. तिथले लोक वाक्यागणिक ‘मेला’ म्हणतात, आपण ‘बरं का’ किंवा ‘मग’ म्हणतो तसं. चहावाला फोनवर बोलत होता, मेला, मेला. अप्पा हळूच म्हणाले, “इतकी माणसं कोण मरायलीत ह्याची?” मी अर्थ सांगितला. ते “हां” म्हणाले आणि ग्लासाकडे बघत राहिले.

रात्रीचं जेवण म्हणजे मावशीने बांधून दिलेले धपाटे आणि शेंगाची चटणी. तिथला ब्रेड बाहेरून कडक, आतून मऊ असतो. त्याच्यावर टोमॅटो घासून वर तेल सोडतात. अप्पांनी त्याच्यावर चटणी भुरभुरली आणि मान हलवली. आई असती तर तिनेही हलवली असती.

दुसरा दिवस

सकाळी अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी तिकिटाच्या रांगेत उभी राहिले. पाटीवर लिहिलं होतं की बारीक टाचेचे बूट घालून आत येऊ नका, फरशीला खड्डे पडतात. मी ते वाचून दाखवलं. “शाणी माणसं हायत,” अप्पा म्हणाले.

आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ते अनवाणी आहेत.

बूट त्यांनी बाहेर पायरीशेजारी काढून ठेवले होते. मोजे नीट घडी करून आत. देवाच्या दारात आणखी काय करणार? त्यांच्या मनात वेगळं काही आलंच नसणार. मी म्हटलं राहू दे, परत जाताना घेऊ.

आणि मग समोर ती जमीन आली.

मी वर्णन करायचा प्रयत्न करते. फोटोत नुसते रंग दिसतात. प्रत्यक्षात काळा, पिवळा, रक्तासारखा लाल, समुद्राचा हिरवा, असे दगड एकमेकांत बसवलेले आहेत. त्यांतून देवदूत, ढाली, मुकुट, वाळूची घड्याळं केलेली आहेत. मध्ये मध्ये माणसांचे सांगाडेही आहेत, एक तर हातात कोयता घेऊन उभा. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक हातभर जागा मोकळी नाही. आणि सगळीकडे अक्षरं.

अप्पा आतल्या पहिल्या साध्या दगडाच्या पट्टीवर उभे होते. त्यांनी उचललेला पाय तसाच मागे घेतला.

“हे काय लिवलंय?”

“नावं आहेत.”

“कुणाची?”

आता सांगणं भाग होतं. “जुन्या सरदारांची, अप्पा. त्यांची थडगी आहेत ही. प्रत्येक चौकोनाखाली एकेक माणूस.”

हेच मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते आले नसते, म्हणून.

ते माझ्याकडे वळले. “खाली माणसं हायत आन् तू मला इथं चालायला आणलंस?”

“सगळे चालतात. बघा ना.”

लोक चालत होते. एक बाई एका सांगाड्यावर उभी राहून छताचा फोटो काढत होती. अप्पांनी भिंतीला पाठ लावली आणि नावं नसलेल्या अरुंद कडेवरून खेकड्यासारखे तिरके दहाएक पावलं गेले. कड संपली. तिथे उभं राहून त्यांनी त्या जमिनीला हात जोडले. मग तसेच तिरके परत आले आणि गर्दीच्या उलट दिशेने बाहेर पडले.

बूट नव्हते.

पायरीशेजारी काहीच नव्हतं. पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, इथे बेवारस वस्तू ठेवत नाहीत, कुणीतरी उचलली असेल. बेवारस वस्तू. अप्पांचे कामाचे बूट नव्हते ते, चांगले होते. आईने घेतलेले. मार्चमधला गार वारा, पायाखाली दगड, आणि अप्पा अनवाणी. शेवटी एका दुकानातून निळ्या प्लास्टिकच्या स्लिपर घेतल्या.

पायऱ्यांच्या रस्त्यावर मला राहवलं नाही. मी रस्त्यात मोठ्याने बोलणारी मुलगी नाही, पण बोलले. “इतक्या लांब आलो आपण, अप्पा. तुम्हीच म्हणालात बघायचंय. तिकडे मंदिरात लोक प्लायवूडला अडखळतात. इकडे तुम्ही भिंतीला चिकटून उभे. तुम्हाला आईला कुठेच ठेवायचं नाहीये!”

ते एक पायरी खाली होते. वर बघून म्हणाले, “कुठं ठिवू? सांग की. तू शिकलीस. कुठं ठिवू?”

बाल्कनीतून एक म्हातारी आमच्याकडे बघत होती. अप्पांनी तिलाही नमस्कार केला आणि स्लिपर फटफटवत खाली उतरले.

तिसरा दिवस

रविवार. आम्ही बसने कोळ्यांच्या गावी गेलो. बंदरात लाल, पिवळ्या, निळ्या होड्या, आणि प्रत्येक होडीच्या नाकाशी दोन डोळे रंगवलेले. वाट चुकू नये म्हणून, असं एकाने सांगितलं. बाजारात मासळी, मध, आणि बशीएवढ्या काटेरी पानांच्या निवडुंगाची दारू. अप्पांनी मध चाखला आणि जिभेवर जास्त वेळ ठेवला. घरी मधाची बरणी आईच आणायची.

धक्क्यावर बसून आम्ही शेवटचे दोन धपाटे खाल्ले. तेव्हा अप्पा आपणहून बोलायला लागले. होड्यांकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही.

“मी नवा नवा मिस्त्री झालो तवाची गोष्ट. बार्शीजवळ एका देवळात आमी नावाच्या फरश्या बसवल्या. एका म्हाताऱ्यानं बायकोच्या नावाची दिलेली. मी ती दारात बसवली, मधोमध. मला वाटलं मानाची जागा हाय. म्हातारा खूश.”

“मग?”

“पाच-सहा वर्षांनी दुरुस्तीला गेलो. नाव गेलेलं. अक्षरात काळा रंगच भरलेला असतो गं वरवर. किती टिकणार? रोजची पावलं. आन् म्हातारा दारात बसलेला, त्या फरशीवर हात फिरवत. मला ओळखलं न्हाई त्यानं. म्हणला, मिस्त्री, इथं माझ्या बायकोचं नाव हुतं, तुमी वाचू शकता का? माझे डोळे गेलेत.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? मला नाव आठवत नव्हतं.” त्यांनी हातातला तुकडा कागदात गुंडाळला. “मी म्हणलं, हाय, दिसतंय. तवापास्नं भिंतीकडंला लावतो.”

नियम मला माहीत होता. तो कुठून आला ते आईलाही माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी त्यांच्या निळ्या स्लिपरांकडे बघत राहिले. काल पायऱ्यांवर बोललेलं परत घ्यावंसं वाटलं, पण कसं घेतात ते मला येत नाही. मी त्यांच्या बाटलीत पाणी भरून आणलं.

चौथा दिवस

बुटांची चौकशी करायला मी एकटीच जाणार होते. अप्पा म्हणाले, येतो.

दाराशी साठीची एक बाई होती. आखूड पांढरे केस, निळं स्वेटर, गळ्यात ओळखपत्र. नाव कार्मेन. मी “बूट” म्हणताच तिने टेबलाखालून कागदी पिशवी काढली. आत अप्पांचे बूट, त्यात मोजे, त्यांनी ठेवले होते तसेच घडी केलेले.

“मला वाटलं कुणीतरी बूट इथेच सोडून थेट स्वर्गात गेलं,” ती म्हणाली. “मी दोन दिवस वाट बघत होते, बूट न्यायला परत येतो का म्हणून.”

मी अप्पांना सांगितलं. ते हसले आणि मग पुन्हा त्या साध्या पट्टीवर जाऊन उभे राहिले. कार्मेनने बघितलं. आत का येत नाहीत, तिने विचारलं. मी अडखळत सांगितलं. आमच्याकडे साध्या पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात. ही तर माणसं आहेत.

कार्मेनने पायाखाली बोट दाखवलं. तेव्हा दिसलं की ती स्वतः एका थडग्यावर उभी आहे. दाराजवळचा तो चौकोन पार गुळगुळीत झालेला होता. रंगांचे थोडे डाग उरले होते, एका ढालीची कड, आणि अक्षरांच्या जागी नुसती झाक.

“ही माझी ड्युटीची जागा,” ती म्हणाली. “सुरुवातीला मीही याला वळसा घालून जायची. आईला सांगितलं तर ती चिडली. म्हणाली, तो रात्रभर एकटा असतो. सकाळी तू येतेस, आणि त्याला टाळून जातेस?”

मी भाषांतर केलं. अप्पांनी विचारलं, “नाव काय ह्याचं?”

“माहीत नाही. गेलं. बाकीच्यांना वाचणारे आहेत, याला नाही. म्हणून याला मी रोज गुड मॉर्निंग म्हणते.”

मी तेही सांगितलं. अप्पांनी कार्मेनला खुणेने विचारलं, हात लावू का? तिने मान हलवली आणि बाजूला झाली. ते गुडघ्यावर बसले. नाव नसलेल्या त्या दगडावर आधी पंजा ठेवला, मग बोटाच्या पेराने वाजवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. कान लावून.

“भरीव हाय,” ते म्हणाले.

मी हात दिला तेव्हा उठले, आणि बूट पिशवीतच ठेवून अनवाणी त्या जमिनीवर चालायला लागले. दर चौकोनाशी थांबायचे. “वाच.”

“लॅटिन आहे अप्पा, मला नीट येत नाही.”

“नाव तर वाच.”

मी नावं वाचत गेले. माझे उच्चार चुकत असणार. कुणाचा पुतण्या, कुणाचा भाऊ, कुठल्या गावचा, काही कळत नव्हतं. मी नुसती नावं मोठ्याने म्हणायची, ते ऐकायचे आणि पाय ठेवायचे. लोक बाजूने जात होते. एका ओळीनंतर माझा घसा कोरडा पडला, तरी ते थांबेनात. शेवटी आम्ही दुसऱ्या टोकाला पोचलो, जिथे चौकोन संपून साधा दगड लागतो. वाचायला नाव उरलं नाही.

अप्पा त्या साध्या दगडाकडे बघत म्हणाले, “सुमन रामचंद्र माने.”

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. ते आईला ‘अगं’ म्हणायचे, नाहीतर ‘वैशूची आई’. हॉस्पिटलच्या फॉर्मवरही नाव मीच सांगितलं होतं. त्यांच्या तोंडून ते नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आवाजही त्यांचा वाटला नाही. मी रडले ते तिथे. हॉस्पिटलात इंग्रजी बोलायला मी एकटीच होते, त्यामुळे तिथे रडायला जमलं नव्हतं.

जाताना अप्पांनी दारात बूट घातले आणि कार्मेनला उरलेली शेंगाची चटणी दिली, पुडीसकट. ती कशाशी खायची ते मी सांगितलं.

पाचवा दिवस, आणि घरी

परतीच्या दिवसाचं सांगण्यासारखं फार नाही. विमानतळावर बसल्या बसल्या मी अप्पांना म्हटलं, आईचंही नाव तसंच करा ना. अक्षरं खोल कापून त्यात काळा दगड भरा. मग पुसणार नाही.

त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जाडी दाखवली. “एवढीच हाय ती. खोल कापली की फुटंल.”

“मग नाव जाईल.”

“जाईल.”

आणखी काही वेळाने म्हणाले, “रंग गेला की मी भरीन. माझ्यानंतर तू भर. त्याच्यापुढं राहू दे.”

पार्सिपनीला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी गराजमधली चादर काढली. मंदिरात मीही बरोबर गेले. प्लायवूड उचललं, खालची जागा झाडली, माल कालवला. फरशी ठेवून त्यांनी लेव्हल लावली, रबरी हातोडीने चारी कोपरे ठोकले, परत लेव्हल लावली. एरवी दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी तास लागला. सांधे भरताना चष्म्यावर पडत होतं ते पाणी घामाचं नव्हतं. एक दिवस पाय द्यायचा नसतो, म्हणून चारी बाजूंनी खुर्च्या लावून आलो.

शनिवारी महाप्रसाद होता. खुर्च्या काढलेल्या. लोक ताटं घेऊन दारातून बाहेर यायला लागले आणि दारातच अडकले. आपलेच लोक ते. खाली नाव दिसलं की थबकायचे, एका हाताने ताट सांभाळून दुसऱ्या हाताने नमस्कार करायचे आणि भिंतीला घासून बाजूने निघायचे. एका काकूंची आमटी सांडली. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, पुढे काय ट्रॅफिक जॅम झालाय?” “सुमनताईंची फरशी आहे, सांभाळून!” मग मागचेही सांभाळून. लहान मुलं तर उड्या मारून पलीकडे जायला लागली.

अप्पा कोपऱ्यात बसले होते. ते उठले, रांगेत घुसले, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि दारातून सरळ चालत आले. त्या फरशीवर दोन्ही पाय टेकवून थांबले. सगळे बघत होते.

“चला, भाजी निवती,” ते म्हणाले आणि पुढे झाले. त्यांच्यामागून आमटीवाल्या काकू आल्या, मग कमिटीतले काका, मग बाकीचे.

मी मुद्दाम शेवटी राहिले. दारात आले. आतून पोळ्यांचा वास येत होता, दुसऱ्या कुणाच्या तरी हातच्या. खाली आईचं नाव, काळं, नवं, एक टिंबही न गेलेलं. माझा पाय उचलला जाईना. पलीकडून अप्पा माझ्याकडे बघत होते.

“ये की,” ते म्हणाले. “शुक्रवारपास्नं एकटीच हाय ती.”

मी पाय ठेवला. फरशी गार होती. अप्पा खाली वाकले नाहीत, त्यांनी फक्त मान कलती करून कान दिला, कामावर देतात तसा. मी दुसरा पाय ठेवला.

“भरीव हाय,” ते म्हणाले आणि जेवायला लागले.